चारोळीच्या घाटातली जोडसायकल

शुक्रवार, दिनांक २ फेब्रुवारी १९७३ रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी नागपूरच्या महाल भागातील वैरागडे यांच्या स्वयंपाकघरात एकूण सदतीस डबे होते, आणि त्यांपैकी छत्तीस डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या डकवून झाल्या होत्या. सदतिसावा डबा महादेवराव वैरागडे यांच्या डाव्या हातात होता. उजव्या हातात डिंकाची कुंचली होती. 'अख्खे धने' ही चिठ्ठी डब्याला टेकणार, इतक्यात त्यांच्या पत्नी वच्छलाबाई शेगडीजवळून उठल्या, पदराला हात पुसले आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "पाडवा झाला की मी भिलाईले जातो, मधुसूदनाकडं. पावसाळा लागेपर्यंत तिथंच राहीन."

मधुसूदन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो भिलाईला नोकरीला होता, सुखात होता, आणि त्याने आईला बोलावल्याचे कोणतेही पत्र घरात आलेले नव्हते.

"पावसाळा लागेपर्यंत हे काही माप नाही," महादेवराव म्हणाले. "निश्चित किती दिवस?"

"चार महिने धरून चाला. जीव रमला तं जास्त."

"आणि कारण?"

वच्छलाबाईंनी फळीवरच्या छत्तीस डब्यांकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

महादेवरावांनीही पाहिले. त्यांना आक्षेपार्ह असे काहीच आढळले नाही. सगळ्या चिठ्ठ्या एका उंचीवर होत्या आणि अक्षरांचा कल सर्वत्र पंचाहत्तर अंशांचा होता.

महादेवराव हे तंत्रनिकेतनात यंत्ररेखाटनाचे अध्यापक होते आणि डिसेंबरअखेर निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाने घरच्यांना त्रास न देता काही उपयुक्त काम हाती घ्यावे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी वच्छलाबाईंचे स्वयंपाकघर हाती घेतले. माठ आणि शेगडी यांतील अंतर मोजून त्यांनी माठाची जागा बदलली. पोळी लाटताना मनगटाची किती हालचाल व्यर्थ जाते, याची आकृती काढून ती पोळपाटाच्या वर भिंतीला लावली. या सर्व सुधारणा वच्छलाबाईंनी एक अक्षरही न बोलता सोसल्या. तांत्रिक शिक्षण घेतलेला माणूस अशा शांततेचा अर्थ संमती असा करतो. त्यामुळे त्या सकाळी महादेवरावांना जो धक्का बसला, तो डबा हातातून सुटण्याइतका होता. सांडलेले धने वच्छलाबाईंनीच गोळा केले.

चार महिने. महादेवरावांना पोलादाची ताणशक्ती तोंडपाठ होती, पण चहात साखर आधी की पत्ती आधी, हे त्यांना ठाऊक नव्हते. अर्थात प्रश्न चहाचा नव्हता. प्रश्न असा होता की संध्याकाळी दिवा लावल्यावर समोरच्या पाटावर कोणी बसलेले नसेल, तर माणसाने बोलायचे कोणाशी. 'जाऊ नको' एवढे वाक्य त्यांना येत नव्हते असे नाही. ते कसे म्हणावे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. म्हणून त्यांनी तीन दिवस विचार करून वेगळ्या शब्दांत विचारणा केली.

"तुझी काही मागणी प्रलंबित आहे काय?"

वच्छलाबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लग्नाच्या साली तुमी म्हटलं होतं, पळस फुलला की चारोळीचा घाट दाखवतो. मी अजून वाट पाहून राहिली. तेवढा दाखवा. मंग पाहू."

'मंग पाहू' या दोन शब्दांना महादेवराव बुडत्या माणसाने फळीला धरावे तसे धरून राहिले.

चारोळीचा घाट नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पहिल्या उंचवट्यावर आहे. होळीपासून चैत्र संपेपर्यंत त्याच्या मोऱ्या आणि कठडे दुरुस्त करतात, म्हणून त्या दिवसांत मोटारगाड्यांना फाटक बंद असते. पायी जाणारे आणि सायकलवाले मात्र सोडतात. पळस फुलतो तोही नेमका त्याच दिवसांत. म्हणजे ज्याला फुललेला घाट पाहायचा त्याला मोटार नाही, आणि ज्याला मोटार आहे त्याला पाहायला नुसती पाने. बैलगाडीचा विचार महादेवरावांनी करून पाहिला; परंतु उतारावरील बैलांच्या वर्तनाविषयी विश्वसनीय आकडे उपलब्ध नव्हते. पायी जावे, तर वच्छलाबाईंचा गुडघा दुखरा. राहता राहिली सायकल. वच्छलाबाईंना सायकल येत नाही, हे महादेवरावांनी गृहीत धरले होते, आणि बायकोला मागच्या कॅरिअरवर बसवणे म्हणजे डबल सीट. डबल सीटला शहरात पोलीस अडवत. महादेवरावांनी आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा.

तेव्हा त्यांनी ठरवले की एक सायकल अशी तयार करायची, की जिच्यावर दोघे कायदेशीरपणे, एकामागे एक, आपापल्या सीटवर बसून पायडल मारतील.

ही बातमी गल्लीत पसरायला अर्धा दिवस पुरला. पहिले आले ते शेजारचे भैय्याजी. भैय्याजींचे कापडाचे दुकान मुलांनी सांभाळायला घेतल्यापासून त्यांच्याकडे सल्ला सोडून दुसरा कोणताही माल उरला नव्हता.

"मास्तरसाहेब, ऐकून तं धक्काच बसला," ओट्यावर बैठक मारत भैय्याजी म्हणाले. "वहिनीले सायकलवर? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील हे मोजता येत नाही, भैय्याजी. त्यामुळे ते मी हिशेबात धरलेले नाही."

"बरं, राहू द्या. पण माझं ऐका. मागं सीट नका लावू, खुर्ची लावा. वेताची. आमच्या मामेसासऱ्यानं टांग्याले लावली होती."

"मग काय झाले?"

"काय होते. पडला. पण खुर्चीले काही नाही झालं."

दोन सायकलींच्या सांगाड्यांची जोडणी नत्थूजींच्या सायकल दुकानात झाली. महादेवरावांनी त्यांना पाच बाजूंनी काढलेले नकाशे दिले. नत्थूजींनी ते दुकानाच्या पत्र्याला जिथे भोक होते तिथे लावले आणि खडूने जमिनीवर आपले चित्र काढले. दोघांचा वाद पंधरवडाभर चालला. शेवटी जे तयार झाले, ते ना नकाशासारखे होते ना खडूच्या चित्रासारखे. पण ते उभे राहिले. पुढे हॅंडल, दोन्ही ब्रेक आणि दिवा. मागे दुसरे सीट, दुसरे पायडल, आणि धरायला एक हॅंडल, जे पक्के जोडलेले असल्यामुळे कोणत्याही बाजूला वळत नव्हते.

"म्हणजे बाईच्या हाती काहीच नाही," नत्थूजी म्हणाले.

"सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच योग्य आहे."

"तुमच्या का तिच्या?" नत्थूजींनी विचारले आणि पंक्चर काढायला बसले.

त्या काळी प्रत्येक सायकलला दरवर्षी बिल्ला घ्यावा लागे. बिल्ला देणाऱ्या कचेरीत महादेवराव जोडसायकल ढकलत गेले, तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बाहेर येऊन तिच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"ही एक सायकल हाय का दोन?"

"एक."

"सीटा?"

"दोन."

"मंग डबल सीट झाली. डबल सीटले बिल्ला कसा देऊ?"

महादेवरावांनी शांतपणे समजावले की डबल सीट म्हणजे एका सीटच्या सायकलवर दुसरा माणूस बसणे. येथे प्रत्येक माणसास स्वतंत्र सीट आहे. कारकुनाने तितक्याच शांतपणे विचारले, की मग ही बाई कुठे बसणार. मागे, असे उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला, "तेच म्हणून राहिलो मी. मागं बसली की डबल सीट."

हे संभाषण तीन खेपांमध्ये विभागून झाले. तिसऱ्या खेपेला कारकुनालाच दया आली. त्याने असा तोडगा काढला, की या दोन सायकली आहेत असे समजायचे. मागची पुढचीच्या फार जवळून चालते, इतकेच. दोन बिल्ले घ्या, विषय संपला. महादेवराव सुन्न झाले. महिनाभर खपून ज्या वस्तूचे त्यांनी एकत्व सिद्ध केले होते, तिची सरकारदरबारी एका वाक्यात फाळणी झाली होती.

"पण एक अडचण हाय," कारकून म्हणाला. "दोन सायकली म्हटल्या तं मागचीले ब्रेक नाही, दिवा नाही, घंटीबी नाही. काही तं पाहिजे. निदान घंटी लावा."

एका गाडीला दोन घंट्या लावणे महादेवरावांच्या शिस्तीत बसणारे नव्हते. म्हणून पुढची होती तीच काढून मागे लावण्यात आली. अशा रीतीने जोडसायकलीचे सर्व नियंत्रण महादेवरावांकडे आणि घंटी वच्छलाबाईंकडे, अशी वाटणी झाली.

यानंतर महादेवरावांनी वच्छलाबाईंना शिकवायला घेतले. संध्याकाळी पाटीवर आकृती काढून त्यांनी तोल, गती आणि गुरुत्वमध्य हे विषय क्रमाने मांडले. वच्छलाबाई समोर बसून तांदूळ निवडत ऐकत. कधी "बरं" म्हणत. एकदा त्यांनी विचारले, "पडले तं?" महादेवरावांनी पडण्याची स्वतंत्र आकृती काढली. त्यांच्या सबंध नोकरीत इतका शांत विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता.

गल्लीतील पहिली चाचणी पाहायला सगळा मोहल्ला ओट्यांवर आला. नऊवारीचा काष्टा घट्ट करून वच्छलाबाई मागे बसल्या आणि गाडी एका दमात गल्लीच्या टोकापर्यंत गेली. महादेवरावांनी श्रेय पाटीवरच्या आकृत्यांना दिले. भैय्याजींच्या घरच्या म्हातारीला एवढा धक्का बसला की तिने तुळशीला घालायचे पाणी भैय्याजींच्या पायावर घातले. वच्छलाबाई मात्र घंटी वाजवत होत्या. समोर माणूस असला की वाजवत, नसला तरी वाजवत. महादेवरावांनी मान न वळवता सांगितले, की घंटी ही विशिष्ट प्रसंगी वाजवायची असते. मागून पुन्हा घंटी वाजली.

होळी झाली, धुळवड झाली, आणि त्यानंतरच्या बुधवारी जोडसायकल यष्टीच्या टपावर चढली. पाडव्याला आता फार दिवस नव्हते. वच्छलाबाईंची ट्रंक भिलाईसाठी भरून पलंगाखाली तयार होती; ती महादेवरावांना रोज सकाळी चप्पल शोधताना दिसे.

घाटाच्या पायथ्याशी आडवा बांबू होता आणि बांबूजवळ ताराचंद नावाचा चौकीदार. त्याने गाडी पाहिली, मग माणसे पाहिली, मग पुन्हा गाडी पाहिली.

"मोटारीले बंदी हाय," तो म्हणाला.

"ही मोटार नाही."

"सायकलबी नाही दिसून राहिली."

महादेवरावांनी दोन्ही बिल्ले दाखवले. त्यामुळे ताराचंदाचा गोंधळ वाढला, पण बांबू वर गेला. "जा बापा. पण सांभाळून. मोहाचे दिवस हायेत, बाया बसल्या असतील रस्त्यावर." बाया रस्त्यावर का बसल्या असतील, हे महादेवरावांनी विचारले नाही, कारण ते त्यांच्या नियोजनात नव्हते.

सुरुवातीचा चढ उत्तम गेला. दोन्ही बाजूंना पळस पेटला होता असे म्हणतात; महादेवरावांना त्याची माहिती नाही, कारण त्यांची नजर पुढच्या चाकापुढच्या चार हातांवर होती आणि छातीचा भाता वाजत होता. मागून वच्छलाबाई सांगत होत्या. "ते पाहा, आख्खा डोंगर लाल झाला. अहो, पाहा तं." महादेवराव म्हणाले, "चालकाने इकडेतिकडे पाहणे धोक्याचे असते." थोड्या वेळाने मागून सांगणे बंद झाले. ट्रंक महादेवरावांच्या डोळ्यांपुढे आली. ते दुप्पट जोराने पायडल मारू लागले.

चौथ्या वळणानंतर रस्ता थोडा सपाट झाला, गाडीने वेग घेतला, आणि समोर एक विलक्षण दृश्य दिसले. डांबरी रस्त्याच्या डाव्या अर्ध्यावर, लांबपर्यंत, पिवळसर फुलांचा जाड थर पसरलेला होता. उजवा अर्धा स्वच्छ मोकळा होता. थराच्या पलीकडे एक वयस्क बाई सूप घेऊन बसली होती. तिने गाडी पाहिली, उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी खुणा करत ओरडली, "उजवीकडून या गा, उजवीकडून."

आता येथे कोणीही सामान्य माणूस उजवीकडून गेला असता. परंतु वाहनाने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालावे, असा नियम आहे. महादेवरावांच्या मनात क्षणभरही संभ्रम झाला नाही. ते डावीकडून गेले.

मोहाची फुले रसाळ असतात. नुसती रसाळ नव्हे. वाळत घातलेली, उन्हाने अर्धवट शिजलेली आणि मधासारखी चिकट. पुढचे चाक त्यात शिरले आणि तिरके झाले. महादेवरावांनी दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेकची रबरे आणि चाकाची कड यांच्यामध्ये फुलांचा मुरंबा तयार झाल्यामुळे ब्रेक लागलेच नाहीत. सरकारी समजुतीप्रमाणे ज्या दोन सायकली होत्या, त्या एकदमच आडव्या झाल्या. महादेवराव उजव्या हातावर पडले. वच्छलाबाई कशा कोण जाणे, उभ्याच राहिल्या, आणि गाडी पूर्ण पडेपर्यंत त्यांनी घंटी वाजवली.

त्या बाईचे नाव जयवंता. वरच्या पाड्यावर तिचे घर. तिने आधी महादेवरावांना उठवले, मनगट चाचपले, पाल्याचा लेप लावून आपल्या लुगड्याच्या पट्टीने बांधले, पाणी पाजले. हे सगळे करून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डावीकडून काहून आले?"

"वाहनाने डावीकडून चालावे, असा नियम आहे."

"समोरून कोणाची गाडी येऊन राहिली होती?"

होळीपासून बंद असलेल्या घाटात समोरून येणारे वाहन नव्हते, हे महादेवरावांच्या प्रथमच लक्षात आले, आणि मनगटापेक्षा तेच जास्त दुखले.

तेव्हा त्यांना घाटाची रीत समजली. मोटारी बंद झाल्या की पाड्यावरची घरे मोहाची फुले डांबरावर वाळवतात. मातीपेक्षा डांबर तापते आणि फुले स्वच्छ राहतात. कोणत्या घराचा मोह कोणत्या मोरीपासून कोणत्या मोरीपर्यंत, हे आजोबांच्या काळापासून ठरलेले. चढताना डावी बाजू फुलांची, उजवी माणसांची. आणि ज्याने दुसऱ्याची फुले तुडवली, त्याने तेवढीच ताजी फुले वेचून द्यायची. मग तो पाटील असो की पाहुणा.

"मी नुकसानभरपाई देतो," महादेवराव खिशाकडे डावा हात नेत म्हणाले.

"पैशाले काय सुकवू?" जयवंता म्हणाली. "फुलं पाहिजेत. उद्या फटफटलं की या झाडाखाली. आज आमच्या घरी राहा. भाकर हाय."

महादेवरावांनी वच्छलाबाईंकडे पाहिले. आता त्या संतापतील, निघून चला म्हणतील, आणि भिलाई चार महिन्यांवरून सहा महिन्यांवर जाईल, अशी त्यांची खात्री होती. वच्छलाबाई जयवंताच्या सुपात हात घालून फुले पाखडत होत्या. "किती गोड वास येऊन राहिला वं," त्या म्हणाल्या. दोघी बोलत बोलत पुढे चालू लागल्या. जोडसायकल डाव्या हाताने ढकलत महादेवराव मागून गेले.

सकाळी मोहाखाली जमिनीवर फुलांचा सडा होता. महादेवरावांनी झाडाखालच्या जागेचे काठीने चौकोन पाडले आणि कोणत्या क्रमाने वेचायचे ते समजावून सांगायला सुरुवात केली.

"भाऊ घरीबी असेच करतेत का?" जयवंताने वच्छलाबाईंना विचारले.

"छत्तीस डब्यायले चिठ्ठ्या लावल्या."

"काहून? तुले ओळखता नाही येत का डब्यात काय हाय ते?"

दोघी हसू लागल्या. हसता हसता वच्छलाबाईंना खाली बसावे लागले. महादेवराव वाकलेल्या स्थितीत थबकले. त्यांनी वच्छलाबाईंचे असे हसणे कधी ऐकले होते, हे त्यांना आठवेना. निदान डिसेंबरनंतर नक्की नाही. त्यांना फार मोठा धक्का बसला. त्यांनी पायाने चौकोन पुसून टाकले आणि जिथे फूल दिसेल तिथले उचलू लागले.

मोहाखाली पहाटे अस्वल येते, म्हणून एकाने आवाज करत राहावे लागते, असे जयवंताने सांगितले. हे काम वच्छलाबाईंना मिळाले. सायकलवर बसून त्यांनी मनसोक्त घंटी वाजवली. महादेवरावांनी एका हाताने टोपली भरली. त्यांनी त्या घंटीबद्दल एक शब्दही काढला नाही; अस्वलाविषयी त्यांच्याजवळ वेगळे मत नव्हते.

परतीची वेळ झाली, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. महादेवरावांच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. चाकांना राख लावून घासले तरी चिकटा पुरता निघाला नव्हता, आणि ब्रेक मर्जीनुसार लागत होते. उतार सगळा पुढे होता. यष्टी दुपारी सुटणार होती.

"गाडी येथेच सोडून पायी उतरावे लागेल," महादेवराव खचलेल्या आवाजात म्हणाले. "तुझ्या गुडघ्याला ते झेपणार नाही. माझे नियोजन चुकले."

वच्छलाबाईंनी काष्टा खोचला आणि पुढच्या सीटवर हात ठेवला. "तुमी मागं बसा. मी चालवतो."

"तुला चालवता येत नाही."

"मोवाडले, माहेरी, आमच्या संत्र्याच्या मळ्यात भावाची सायकल होती. तो दुपारचा झोपला की मी घेऊन जात होतो. विहिरीच्या उतारावरून हात सोडूनबी जात होतो."

पाटी, तोल, गुरुत्वमध्य, पडण्याची स्वतंत्र आकृती, हे सर्व महादेवरावांच्या नजरेपुढून गेले.

"लग्नाला चौतीस वर्षे झाली. हे तू कधी सांगितले नाहीस."

"तुमी कधी इचारलं?"

तेवढ्यात जयवंताने एक मोठी पालेदार फांदी तोडून आणली आणि दोराने मागच्या सीटखाली बांधली. भरलेल्या बैलगाड्या उतारावर अशीच फांदी ओढत नेतात, गाडी अंगावर येत नाही, ती म्हणाली. "आमच्या मळ्यावर लाकडाचा ओंडका बांधत होते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि गाठ आणखी आवळली. तसला ब्रेक कोणत्याही पुस्तकात नव्हता. घर्षणाचा गुणक काय धरावा, हे महादेवरावांनी मनातल्या मनात काढायला घेतले आणि सोडून दिले.

अशा रीतीने जोडसायकल चारोळीचा घाट उतरू लागली. पुढे वच्छलाबाई, मागे महादेवराव, त्यांच्या मागे धुरळा उडवणारी फांदी. उतरताना फुले उजव्या बाजूला येत होती आणि डावी मोकळी होती. कायदा आणि घाटाची रीत आता एकाच बाजूने चालत होती, आणि त्याचा महादेवरावांना अनपेक्षित आधार वाटला.

मागच्या सीटवर काहीच काम नसते. हॅंडल वळत नाही, ब्रेक नाही, पुढचे दिसत नाही. म्हणून महादेवरावांनी बाजूला पाहिले, आणि त्यांना घाट दिसला. दरीच्या तळापासून माथ्यापर्यंत लालभडक पळस, पाने एकही नाही, मध्येच एखादी पांढरीफटक सालई, आणि खाली खोल कोरड्या नाल्यात उन्हाचा नुसता चुरा. काल चढताना मागून वच्छलाबाई हेच सांगत होत्या. चौतीस वर्षे पुढे बसून आपण नेमके काय पाहत होतो, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्याचे उत्तर 'पुढचे चार हात' असे आले.

समोर वच्छलाबाईंची पाठ होती. चेहऱ्याकडे पाहून जे सांगता येत नाही, ते पाठीकडे पाहून सांगणे त्या मानाने सोपे जाते.

"तू भिलाईला गेलीस, तर मला करमणार नाही," महादेवराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी मान वळवली नाही. चालकाने वळवायची नसते, हे महादेवरावांनीच शिकवले होते.

"वळण आलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "घंटी वाजवा."

महादेवरावांनी वाजवली. वळण संपल्यावरही बराच वेळ वाजवली.

फाटकावर ताराचंदाने बांबू वर केला आणि तसाच धरून उभा राहिला. बाई पुढे, मास्तर मागे, हात झोळीत, मागे झाड. यष्टी नागपुरात पोचली, जोडसायकल टपावरून उतरली, आणि मनगटामुळे महालातही त्याच क्रमाने जावे लागले. भैय्याजी ओट्यावरच होते. त्यांच्या हातातले पान तोंडापर्यंत पोचलेच नाही.

"मास्तरसाहेब, तुमी मागं काहून?"

"येथून जास्त दिसते," महादेवराव म्हणाले, आणि घंटी वाजवली.

पाडवा झाला. गुढी उतरली. वच्छलाबाईंनी पलंगाखालून ट्रंक बाहेर काढली. महादेवरावांनी ती डाव्या हाताने उचलून स्टेशनावर नेली, गाडीत ठेवली, आणि किती दिवस, असे या वेळी विचारले नाही. गाडी सुटताना वच्छलाबाई खिडकीतून एवढेच म्हणाल्या, की मनगटाले रोज शेक द्या.

वच्छलाबाईंचा भिलाईतील मुक्काम: नऊ दिवस.